हिमालयातील बर्फाळ वाटांवर हिमस्खलनाचा धोका कसा जोखावा: खानदेशातील गिर्यारोहकांसाठी

खानदेशातील माणसाला ऊन वाचता येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की शेतात कधी जायचे आणि निंबाखाली कधी बसायचे, हे जळगाव-धुळ्याकडच्या कोणालाही शिकवावे लागत नाही. बर्फाशी मात्र आपली ओळख रसवंतीवर पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या लादीपुरतीच असते. तरीही दर डिसेंबरात भुसावळहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत पाठीवर मोठ्या सॅक घेतलेली आपल्याकडची मंडळी हमखास भेटतात. कोणी केदारकंठाला निघालेले असते, कोणी ब्रह्मतालला, कोणी कुआरी खिंडीला. मे महिन्यात हीच मंडळी सर पास किंवा रूपिन खिंडीची तयारी करतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. ठरलेल्या वाटेने स्थानिक वाटाड्यासोबत जाणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल, परंतु मळलेली वाट सोडून बर्फाच्या उतारांवर ज्यांना स्वतः निर्णय घ्यायचे आहेत, त्यांना समोर ठेवून तो लिहिला आहे. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन पर्वतारोहण संस्था येथील प्रशिक्षणाची जागा कोणताही लेख घेऊ शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझे सांगणे एवढेच आहे की बर्फाचा फक्त अंदाज बांधता येतो, उताराचे मात्र माप घेता येते; आणि ज्याचा जन्म बर्फात गेलेला नाही, त्याने आपला निर्णय अंदाजावर न सोडता मापावर बेतावा.

लादी कशी सुटते

डोंगरावरचा कोरडा बर्फ दोन तऱ्हांनी सुटतो. पहिली तऱ्हा आपल्या पाहण्यातली आहे. बांधकामाच्या वाळूच्या ढिगाला पायथ्याशी फावडे लावले की वरची वाळू एका ठिकाणाहून घरंगळू लागते आणि खाली येता येता पंख्यासारखी पसरते. ताजा, भुसभुशीत बर्फ तसाच घरंगळतो. तो माणसाला कड्यावरून ढकलू शकतो, म्हणून निरुपद्रवी नव्हे, पण बहुतेक बळी दुसरी तऱ्हा घेते. तिच्यात बर्फाचा एक अख्खा, सलग थर खालच्या थरापासून एकदम सुटतो, माथ्याकडे उतारावर आडवी सरळ भेग पडते आणि काही क्षणांत आख्खा उतार तुकडे होऊन खाली निघतो. या सलग थराला मी पुढे लादी म्हणणार आहे. अशा अपघातांच्या अभ्यासातून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत ती लादी अपघातात सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्याच्या वजनाने सुटलेली असते.

हे समजून घेण्यासाठी घरी एक प्रयोग करावा. लाकडी पाटावर तरटाचा तुकडा ताणून बसवावा, त्यावर दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, पिठाचा बोटभर थर तळहाताने दाबून घ्यावा, त्यावर साखर पातळ पसरावी आणि पुन्हा चाळणीने पीठ चाळून हलकेच थापावे. आता पाटाची एक बाजू सावकाश उचलत जावी. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग वरचे पीठ एका आडव्या रेषेत तडकते आणि वडी सुटावी तसे साखरेवरून खाली येते. दुसऱ्या खेपेस साखर न घालता तोच प्रयोग केला तर पाट पुष्कळच उभा करावा लागतो. वाया गेलेल्या पिठाबद्दल मला घरात बोलणी खावी लागली, पण बर्फाबद्दलची जी गोष्ट व्याख्यानांतून मला नीट उमगली नव्हती, ती त्या पाटावर उमगली: वरचा थर किती जाड आहे यापेक्षा तो कशावर टेकला आहे, हे पाहायचे असते.

वरची लादी बहुधा वारा तयार करतो. जिनिंगमध्ये मोकळा कापूस हाताने उचलावा तर वाऱ्यावर उडेल इतका हलका असतो आणि तोच दाबून बांधला की १७० किलोची गासडी होते. ताज्या कोरड्या बर्फाचे असेच आहे. पडताना त्याचे वजन घनमीटरला ५० ते १०० किलो भरते. वारा त्याचे कण मोडून, घासून, पलीकडच्या उतारावर ठासून बसवतो तेव्हा ते दुपटी-तिपटीने वाढते आणि सुटे कण एकमेकांना धरून ठेवू लागतात. आभाळातून एक कणही पडत नसताना वारा एखाद्या उतारावर पडणाऱ्या बर्फाच्या कित्येक पट वेगाने बर्फ चढवू शकतो. म्हणूनच निरभ्र पण वादळी दिवसाला नवखा माणूस फसतो.

खालची साखर कशी होते, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण येथेच आपली सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाजवळ राहते, तर पृष्ठभाग रात्री उणे २० अंशांपर्यंत उतरू शकतो. बर्फ दोन मीटर जाड असेल तर हा फरक दर १० सेंटिमीटरला एक अंश पडतो. तोच बर्फ अर्धा मीटर असेल तर दर १० सेंटिमीटरला चार अंश. हा फरक एक अंशाच्या वर गेला की बर्फातील वाफ खालून वर झपाट्याने सरकते आणि कणांना पैलू पडून त्यांची सुटी, खडबडीत साखर होते, जी मुठीत दाबली तरी गोळा धरत नाही. म्हणजे 'यंदा बर्फ कमी आहे, म्हणून धोका कमी' हे आपल्याकडचे गणित पुष्कळदा उलटे असते. हंगामाच्या सुरुवातीला पडलेला थोडासा बर्फ, त्यानंतर महिनाभर कडक थंडी आणि कोरडे आभाळ, आणि मग जानेवारीत एकाएकी दोन फूट नवा बर्फ: हा क्रम सर्वांत वाईट. लडाख, स्पिती यांसारख्या थंड, कोरड्या प्रदेशांत अशी साखर अख्खा हंगाम टिकून राहते; पीर पंजालच्या तुलनेने उबदार आणि जाड बर्फात ती लवकर सावरण्याची शक्यता जास्त असते.

दुसरा कच्चा थर तर आपल्याही परिचयाचा आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री हेच गोठलेले दव हिमालयात बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारख्या पापुद्र्यांत उभे राहते आणि सकाळच्या उन्हात अतिशय सुंदर चमकते. ते उघडे आहे तोवर कोणाचे काही बिघडत नाही. त्यावर नवा बर्फ पडून ते गाडले गेले की तोच थर पुढे कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, दगा देण्यासाठी तयार राहतो.

निघण्याआधी घरी बसून करायचे काम

हिमालयात हिवाळी बर्फ मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. जानेवारीत आपल्याकडे हरभऱ्यावर मळभ दाटते आणि शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो, त्यामागेही कधी कधी हेच विक्षोभ असतात. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधीपासून भारतीय हवामान विभागाचे त्या जिल्ह्याचे अंदाज रोज पाहावेत आणि एका वहीत लिहून ठेवावेत: कोणत्या तारखेला किती बर्फ पडला, मध्ये किती दिवस कोरडे गेले, वारा कोणत्या दिशेचा होता. ही वही म्हणजे आपण ज्या बर्फावर पाय ठेवणार आहोत त्याची कुंडली असते. हिमस्खलनाचा खास इशारा संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंदीगड येथील प्रयोगशाळा देते. १९६९ मध्ये मनालीत सुरू झालेल्या हिम व हिमस्खलन अभ्यास संस्थेचे काम २०२० पासून हीच प्रयोगशाळा पाहते. तिचे इशारे जिल्हानिहाय असतात आणि कोणत्या उंचीच्या वर धोका आहे तेही त्यांत दिलेले असते.

धोक्याच्या जगभर रूढ असलेल्या श्रेणी पाच आहेत. त्यांपैकी तिसऱ्या श्रेणीविषयी मुद्दाम सांगतो, कारण पाचापैकी तीन म्हणजे 'मध्यम' असे आपण सहज धरतो. तिसऱ्या श्रेणीचा अर्थ असा की आपोआप सुटणारी हिमस्खलने शक्य आहेत आणि माणसाच्या वजनाने सुटणारी संभवनीय आहेत. चौथ्या-पाचव्या श्रेणीत लोक घरात बसतात. तिसऱ्यात ते बाहेर पडतात, आणि आल्प्समधील मृत्यूंचा मोठा वाटा याच श्रेणीत आढळतो. शिवाय इशारा एका पूर्ण जिल्ह्याचा असतो, आपल्या वाटेवरील एका नाळेचा, म्हणजे उतारावरच्या अरुंद घळीचा, नसतो.

त्यानंतर नकाशा काढावा. लादी सुटण्याचे उतार बहुधा ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असतात आणि त्यांतही ३८ अंशांच्या आसपासचे सर्वाधिक. त्याहून उभ्या कड्यांवर बर्फ साठण्याआधीच झडत राहतो. २५ अंशांहून सौम्य उतारावर लादी सहसा सुटत नाही. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा ४० मीटरच्या अंतराने असतील तर दर पाचवी, जाड रेषा २०० मीटरची होते. दोन जाड रेषांमधले अंतर पट्टीने मोजावे: ते ७ मिलिमीटर भरले तर उतार ३० अंशांचा, ४ मिलिमीटर भरले तर ४५ अंशांचा, ८.५ च्या पुढे गेले तर २५ अंशांच्या आत. रेषांचे अंतर नकाशाच्या तळाशी छापलेले असते. ते न पाहता मोजमाप करू नये. मोबाइलवरील नकाशांत उतारांना रंग देण्याची सोय असते आणि ती उपयोगाची आहे, परंतु हिमालयासाठी त्यामागची उंचीची माहिती बहुधा ३० मीटरच्या चौकटींची असल्याने वीस मीटर उंचीचा एखादा उभा टप्पा त्या रंगांत दिसतच नाही. वीस मीटरचा टप्पा माणसाला गाडायला पुरेसा होतो.

नकाशावर आपली वाट कोणत्या उतारावरून जाते एवढेच पाहून भागत नाही, ती कोणत्या उताराखालून जाते हेही पाहावे लागते. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर ज्या सात जणांचा जीव गेला, ते कोणतेही शिखर चढत नव्हते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चमोली जिल्ह्यातील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमस्खलन आले आणि आठ कामगार दगावले. खालच्या सपाटीवरून वरच्या सुटण्याच्या जागेकडे पाहिले असता नजरेचा आडव्या पातळीशी होणारा कोन २५ अंशांहून अधिक असेल तर तेथे तंबू लावू नये, आणि १८ अंशांच्या खाली असेल तरच रात्री निर्धास्त झोपावे. मधल्या पट्ट्यात मोठे हिमस्खलन पोहोचू शकते. कोवळ्या झाडांचाच पट्टा, एकाच बाजूच्या फांद्या मोडलेले देवदार, जंगलात वरून खाली गेलेली मोकळी पट्टी, या खुणा तेथे पूर्वी काय येऊन गेले ते सांगतात.

उतार मोजण्याची सवय

एका डिसेंबरात लळिंगच्या किल्ल्याखालच्या उतारावर आम्ही आठ-दहा जणांना अंदाज लिहायला सांगितला होता. कोणी ६० अंश लिहिले, कोणी ५५. एका शिक्षकांनी ७० लिहिले. माप घेतले तेव्हा उतार ३४ अंशांचा निघाला. हिमालयात बर्फाने गुळगुळीत झालेल्या उतारावर अंदाज उलट्या बाजूलाही चुकतो, कारण तेथे नजरेला आधार देणारा दगड किंवा झुडूप नसते. म्हणून मापाला पर्याय नाही. उतारमापक असलेले होकायंत्र उत्तम. मोबाइलमधील मापकही चालतो, मात्र थंडीत बॅटरी केव्हा मान टाकेल याचा भरवसा नसतो.

काठ्यांचे माप कधीही बंद पडत नाही. १२० सेंटिमीटर लांबीच्या दोन काठ्या घ्याव्यात आणि एकीवर टोकापासून ७० सेंटिमीटरवर रंगीत पट्टी गुंडाळावी. दुसरी काठी आडवी, पाणसळीत धरून तिचे टोक समोरच्या चढाला टेकवावे आणि तिच्या आपल्याकडील टोकापासून पट्टीची काठी ओळंब्यासारखी सरळ खाली सोडावी. तिचे टोक बर्फाला लागते तेव्हा पट्टी आडव्या काठीच्या पातळीवर आली तर उतार ३० अंशांचा. पट्टी आडव्या काठीच्या वर गेली, म्हणजे बर्फापर्यंतचे अंतर ७० सेंटिमीटरपेक्षा कमी भरले, तर उतार ३० च्या आत. आणि पट्टी खाली राहिली तर त्याहून उभा. अर्थात हे माप संशयित उतारावर जाऊन घेण्यासाठी नव्हे. तशाच चढाच्या, खाली मोकळी सपाटी असलेल्या एखाद्या लहान टेकाडावर ते घ्यावे आणि मोठा उतार दुरून, कडेने पाहून उतारमापकाने मोजावा.

हा सराव करायला हिमालयात जावे लागत नाही. तोरणमाळ, अस्तंबा, पाटणादेवीचा परिसर, जेथे जाल तेथे आधी अंदाज लिहायचा आणि मग माप घ्यायचे. दोन हंगामांत डोळा बराच सुधारतो.

वाटेवर डोळे आणि कान

प्रत्यक्ष जागेवर काही खुणा अशा आहेत की त्यांपैकी एकही दिसली तर ३० अंशांच्या वरचे सर्व उतार त्या दिवसापुरते बाद करावेत. पहिली आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे त्याच दिशेच्या, तशाच चढाच्या उतारावर एखादी लादी नुकतीच सुटलेली असणे. डोंगर स्वतः उत्तर देत असताना आपण पुस्तके उघडून बसू नये. दुसरी खूण पायाखालची: चालताना बर्फ एकदम 'धप्प' असा दबका आवाज करून खाली बसतो. धाब्याच्या घराचे धाबे पावसाळ्यात खचते तेव्हा जसा आवाज येतो तसाच हा असतो, आणि कारणही तेच. वरचा भार पेलणारा थर आत मोडलेला असतो. तिसरी, पावलापासून किंवा काठीपासून बर्फात भेगा धावत जाणे. त्याखेरीज गेल्या २४ तासांत ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक नवा बर्फ पडणे, ताशी दोन-तीन सेंटिमीटरच्या वेगाने पडत राहणे, बर्फावर पाऊस येणे, आणि थंडीनंतर तापमान झपाट्याने वाढणे. वादळ थांबल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस आभाळ निळेशार असते, छायाचित्रे सुरेख येतात, आणि हेच दिवस सर्वाधिक सांभाळण्याचे असतात.

वाऱ्याची दिशा बर्फावर लिहिलेली असते. माथ्यावर बर्फाचा छज्जा ज्या बाजूला झुकलेला, त्या बाजूच्या उतारावर बर्फ चढलेला असतो. खडकांच्या ज्या बाजूला बर्फ चिकटला असेल ती वारा येण्याची बाजू. ज्या उतारावर बर्फ उशीसारखा फुगीर, गुळगुळीत आणि काठीने ठोकल्यावर पोकळ वाजतो, तेथे लादी आहे असे धरून चालावे. छज्ज्यावर तर चालूच नये. तो मोडतो तेव्हा आपल्याला वाटते त्याच्या बराच मागून मोडतो.

काही वर्षांपूर्वी उत्तराखंडातील एका हिवाळी मोहिमेत आम्ही अठरा जण होतो. एका नाळेच्या तोंडाशी पायाखाली 'धप्प' झाले, मागच्या तिघा-चौघांनीही ते ऐकले, आणि माझ्यापुढे वीस-एक पावलांवर बर्फात बोटभर रुंदीची भेग पडली. नेणाऱ्या मंडळींच्या प्रमुखाने तिकडे पाहिले आणि पुढचा मुक्काम अंधाराआधी गाठायचा म्हणून सर्वांना एका रांगेत, अगदी खेटून, पुढे काढले. मीही गेलो. परतीचे आरक्षण चार दिवसांवर होते, प्रत्येकाने चांगले पैसे भरले होते, आणि अठरा जणांत पहिला 'नको' कोणी म्हणायचा हा प्रश्न होता. नाळ सुटली नाही, त्यामुळे संध्याकाळी तंबूत बहुतेकांचे मत असे पडले की निर्णय बरोबरच होता. तेव्हापासून आमच्या गटात एक नियम आहे: परत फिरण्यासाठी बहुमत लागत नाही, सर्वांत नवख्या माणसाचा एक नकार पुरतो, आणि त्याला कारण विचारले जात नाही.

अनुभव असला म्हणजे हे टळते, असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर नेहरू पर्वतारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी ज्या हिमस्खलनात सापडली, त्यात प्रशिक्षकांसह २९ जण गेले किंवा बेपत्ता झाले.

खड्डा खणून पाहणे

बर्फाचे थर पाहण्यासाठी खणलेला खड्डा हा या विषयातला सर्वांत आकर्षक भाग आहे आणि माझ्या मते नवख्यांनी त्याला गरजेपेक्षा जास्त मान दिला आहे. खड्ड्यातून 'नको' हे उत्तर खात्रीने मिळते, 'हो' कधीच मिळत नाही. दहा पावलांवर थर वेगळे असू शकतात. तरीही तो खणावा, कारण वहीतील कुंडली आणि प्रत्यक्ष बर्फ जुळतात का हे त्यातूनच कळते.

जागा आपल्या वाटेच्या उताराच्याच दिशेची आणि उंचीची, पण लहान आणि खाली मोकळी सपाटी असलेली निवडावी. दीड मीटर खोल खणावे. माणसाच्या वजनाचा परिणाम मुख्यतः वरच्या मीटरभरात होतो. वरच्या बाजूची भिंत फावड्याने सरळ तासून घ्यावी आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक थर हाताने दाबून पाहावा: मूठ सहज शिरते, चार बोटे शिरतात, एकच बोट शिरते, पेन्सिल शिरते, की सुरीच लागते. पेन्सिलच्या थराखाली एकदम मुठीचा थर लागला तर थांबावे. त्या मऊ थरातील चिमूटभर बर्फ गडद रंगाच्या हातमोज्यावर घेऊन पाहावे. कण मिलिमीटरभर किंवा मोठे, पैलूदार आणि सुटे दिसले तर ती प्रयोगातील साखर आहे.

मग चाचणी घ्यावी. भिंतीतून ९० सेंटिमीटर रुंद आणि भिंतीच्या आत ३० सेंटिमीटर जाणारा स्तंभ दोरीने किंवा करवतीने मागून आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण मोकळा करावा. त्याच्या एका टोकावर फावड्याचे पाते ठेवून आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा वेळा हात आपटावा. एखाद्या फटक्याला भेग पडली आणि त्याच किंवा लगेच पुढच्या फटक्याला ती स्तंभाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावली, तर तेथे लादी आहे, साखर आहे आणि सुटण्याची तयारीही आहे. भेग पात्याखालीच राहिली तर त्या एका जागी स्थिती बरी आहे, एवढेच म्हणता येते.

मे-जूनमधील ओला बर्फ

उन्हाळी खिंडींत प्रश्न साखरेचा कमी आणि पाण्याचा जास्त असतो. रात्री आभाळ निरभ्र राहून बर्फ दगडासारखा गोठला तर पहाटेचे काही तास उत्तम मिळतात. रात्री ढग असतील तर बर्फ गोठतच नाही, आणि मग पहाटे निघण्याचाही उपयोग नसतो. सकाळी बुटाचा ठसा जेमतेम उमटत होता तेथे घोट्यापर्यंत पाय जाऊ लागला, उतारावरून बर्फाचे गोळे चाकासारखे गुंडाळत येऊ लागले, की उभ्या उतारांवरून बाहेर पडावे. गुडघ्यापर्यंत पाय गेला तर उशीर झालेला असतो. उन्हे पूर्वेच्या उतारावर आधी येतात, मग दक्षिणेच्या, मग पश्चिमेच्या. वेळापत्रक त्याप्रमाणे आखावे.

ओलांडावेच लागले तर

एका वेळी एकानेच जावे, बाकीच्यांनी सोंडेवर किंवा दाट, जुन्या झाडीत थांबून त्याच्यावरची नजर काढू नये. शक्य तेवढ्या वरून, सुटण्याच्या जागेच्याही वरून ओलांडावे. नाळ, खाली दरी किंवा खडक, अशा जागी लहान हिमस्खलनही जीवघेणे ठरते, कारण नाळेत तोच बर्फ खोल साचतो. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवावेत, सॅकचा छातीचा पट्टा मोकळा करावा. उतार सुटलाच तर ओरडून सोबत्यांना सावध करावे, कडेच्या दिशेने जिवाच्या आकांताने धडपडावे आणि वेग कमी होऊ लागताच हात तोंडापुढे आणून श्वासापुरती जागा करावी. थांबल्यावर बर्फ घट्ट आवळतो आणि मग बोटही हलवता येत नाही.

कोणी गाडले गेले तर

पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण निम्म्याच्याही बरेच खाली येते. मदत बोलावून ती पोहोचेपर्यंत तास जातात, म्हणून वाचवणारे सोबतीच असतात. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकेत सोडणारे आणि दुसऱ्याचा संकेत शोधणारे लहान यंत्र, सॅकमध्ये बर्फात टोचून गाडलेला माणूस शोधायची किमान २४० सेंटिमीटर लांबीची प्रोब काठी आणि धातूचे फावडे हवे. तिन्हींपैकी एक वस्तू नसली तर उरलेल्या दोन निरर्थक होतात. मोबाइल बीकनपासून एरवी २० आणि शोधताना ५० सेंटिमीटर दूर असावा, नाहीतर संकेत बिघडतात.

सोबती दिसेनासा झाला ती जागा डोळ्यांत धरावी. पुन्हा बर्फ सुटण्याचा धोका नाही हे पाहून सर्वांनी बीकन शोधावर टाकावेत, आणि वर दिसणारा हातमोजा, काठी, सॅक यांकडेही लक्ष ठेवावे. बीकनवरील अंतराचे अंक कमी होत जातील तसे चालणे सावकाश आणि बीकन बर्फाच्या जवळ. सर्वांत कमी अंक जेथे येईल तेथून २५ सेंटिमीटरच्या अंतराने, गोल गोल बाहेर जात प्रोब टोचावी. लागली की ती काढू नये. तिच्यापासून उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतरावर खणायला सुरुवात करून आडवे आत शिरावे. वरून सरळ विहिरीसारखे खणल्याने वेळ जातो आणि गाडलेल्याच्या अंगावरच उभे राहण्याची वेळ येते. ढिगाऱ्यातील बर्फ घनमीटरला ३०० ते ५०० किलो भरतो, त्यामुळे पुढच्या माणसाने दर मिनिटाला जागा बदलावी.

याचा सराव आम्ही गिरणेच्या कोरड्या पात्रात करतो. मे महिन्यात पहाटे पाच वाजता, वाळू तापण्याआधी, कोणीतरी चालू बीकन प्लास्टिकच्या डब्यात घालून तो डबा वाळू भरलेल्या पोत्यात ठेवतो आणि पोते मीटरभर खाली पुरून वरची वाळू फांदीने सारखी करतो. बाकीचे काठावर पाठ करून उभे राहतात. पहिल्या खेपेला आम्हाला पोते हाती लागायला सव्वीस मिनिटे लागली. त्यांतली पंधरा नुसती खणण्यात गेली होती, कारण चौघे जण एकाच खड्ड्याभोवती उभे राहून एकमेकांच्या पायांवर वाळू टाकत होते.